खोली फिरते की तुम्ही डुलता?

पत्र (थोडं छोटं केलंय):

"ताई नमस्कार. वय ४६, राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. मार्चमध्ये एका सकाळी अलार्म बंद करायला उजव्या कुशीवर वळले आणि अख्खी खोली गरागरा फिरली, पंखा अंगावर येतोय असं वाटलं, उलटी झाली. मिनिटभरात थांबलं पण पुढचे पंधरा दिवस कूस बदलली की तेच. डॉक्टर म्हणाले सर्व्हायकल आहे, पट्टा आणि चक्करची गोळी दिली. ते गरगरणं हळूहळू गेलं. पण आता दिवसभर होडीत उभी असल्यासारखं वाटतं, चार महिने झाले. मॉलमध्ये, स्टेशनच्या जिन्यावर, मोबाइल स्क्रोल करताना जास्त. पडून राहिलं की बरं. एमआरआय नॉर्मल. सासूबाई म्हणतात अशक्तपणा, मिस्टर म्हणतात टेन्शन घेतेस. गोळी चालूच आहे. कानातलं काही आहे का, की मला वेड लागतंय? आणि गणपतीला रत्नागिरीला जायचंय, जाऊ ना? — गरगरलेली, घोडबंदर रोड"

गरगरलेली ताई,

वेड बिड काही लागत नाहीये. एवढं वाचून एक चहा घ्या, मग पुढचं वाचा, कारण पुढे बरंच लिहिलंय.

आधी सांगून ठेवते, मी ठाण्याच्या नौपाड्यात फिजिओथेरपी करते, तोल जाणारी माणसं हाच माझा रोजचा धंदा, पण मी गोळ्या लिहून देणारी डॉक्टर नाही आणि तुम्हाला मी तपासलेलंही नाही. त्यामुळे हे वाचून ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, जायचंच आहे, त्याला पर्याय नाही.

पण तुमचं पत्र मला फार आवडलं, कारण काय झालं ते तुम्ही नीट सांगितलंय. बाकी लोकांचं कसं असतं, सगळ्यालाच चक्कर. अहो मराठीत किती शब्द आहेत बघा, भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणं, झोक जाणं, माझ्या आजीला यातला प्रत्येक वेगळा माहीत होता, भोवळ आली म्हणजे माणूस खाली बसला, अंधारी आली म्हणजे उठताना डोळ्यापुढे काळं झालं, आणि आपण डॉक्टरसमोर बसलो की एकच शब्द, चक्कर येते, बाहेर वीस पेशंट ताटकळलेले, मग तेही लिहितात चक्करची गोळी. आता बघा, उठल्याउठल्या अंधारी येत असेल तर आधी बीपी बघायचं, आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्याच जास्त होतायत का हेही. हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह, शुगर, थायरॉइड हेही एकदा करून टाका, सासूबाईंचा अशक्तपणा त्यातच दिसेल काय तो. पण खोली फिरते, वस्तू फिरतात, ती गोष्टच वेगळी, तिथे पहिला संशय कानावर.

आणि तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्चमधली एक आणि आत्ताची एक. सगळे त्या दोन्हींना एकच समजून एकच गोळी देतायत, गोंधळ सगळा इथे आहे.

मार्चमधली गोष्ट आधी. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, पडद्याच्याही पार मागे, तीन अर्धगोल नळ्या असतात, पाणी भरलेल्या. डोकं वळलं की आतलं पाणी जरा मागे राहतं आणि त्यावरून मेंदूला कळतं की डोकं कुठे वळलं. त्यांच्या शेजारीच एका पिशवीत बारीक बारीक खडे असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूचेच भाऊ म्हणा. ते तिथे असायलाच हवेत, वर-खाली, पुढे-मागे कळायला ते लागतात. पण कधीकधी, वयानं, डोक्याला मार लागून, बऱ्याचदा काहीच कारण नसताना, त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या नळीत जाऊन पडतात. मग तुम्ही कूस बदलली की खडे घरंगळतात, पाणी ढवळलं जातं, आणि मेंदूला वाटतं डोकं गरगर फिरतंय, प्रत्यक्षात तुम्ही उशीवर पडलेल्या. म्हणून ते मिनिटभराच्या आत थांबतं, खडे तळाला बसले की संपलं. याला बीपीपीव्ही म्हणतात. कुशीवर वळलं की, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान मागे टाकली की, केस धुवायला वाकलं की, असं विशिष्ट हालचालीला येणार आणि लगेच जाणार.

तुमचं वर्णन वाचून कोणीही कानवाला म्हणेल हे तेच असणार. आणि मिळाला काय, तर मानेचा पट्टा! आता मला हसू येतंय पण मी कोणत्या तोंडानं हसू, काही वर्षांपूर्वी गॅलरीत काठीनं वरच्या दोरीवर चादर टाकत होते, मान वर केली आणि जी गरगरले ती ओल्या चादरीसकट खाली बसले, आणि एका डॉक्टरांनी दिलेला पट्टा स्वतः फिजिओ असून तीन आठवडे इमानेइतबारे घातला, वर मानेचा शेक घेतला. चाळिशीनंतर मानेचा एक्सरे काढला की बऱ्याच जणांच्या मणक्यात काही ना काही झीज दिसतेच, ती दिसली म्हणजे चक्कर तिच्यामुळेच असं होत नाही, पण आपल्याकडे सर्व्हायकल हा शब्द फार लाडका आहे, त्याला काय करणार.

आता एक प्रश्न विचारते, प्रामाणिक उत्तर द्या. तुम्ही उजव्या कुशीवर झोपणं सोडलंय का? चार महिने? उठताना डावीकडूनच उठता का, वरचा डबा मिस्टरांना काढायला लावता का? तसं असेल तर खडे गेलेत की अजून आतच आहेत आणि तुम्ही फक्त त्यांना हलवत नाही आहात, हे आपल्याला माहीतच नाही. म्हणून पहिलं काम एकच, डिक्स-हॉलपाइक टेस्ट. लंडनच्या दोन डॉक्टरांनी १९५२ मध्ये लिहिलेली, मशीन लागत नाही, पलंग लागतो. पाय लांब करून बसवतात, मान ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि पटकन मागे आडवं करतात, डोकं कडेखाली जरासं लोंबतं. डोळे मिटायचे नाहीत, अवघड काय ते तेवढंच. दोन-चार सेकंद काही होत नाही, पेशंट म्हणतो काही नाही हो मॅडम, आणि तेवढ्यात बुबुळं झटके देत फिरायला लागतात आणि पेशंट माझं मनगट असं आवळतो की बांगडी रुतते. वीस-तीस सेकंदात परत शांत. कोणत्या बाजूला झालं, बुबुळं कुठे फिरली, त्यावरून कोणता कान आणि कोणती नळी ते कळतं.

आणि खडे सापडले तर गोळी नाही द्यायची, खडे बाहेर काढायचे. एप्ली म्हणून एक पद्धत आहे, अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या कानाच्या डॉक्टरनं १९८० मध्ये पहिल्यांदा मांडली, बाकीच्यांचा विश्वास बसेना, छापून यायला १९९२ उजाडलं. डोकं चार स्थितींमधून फिरवत नेतात, एकेका स्थितीत अर्धा ते एक मिनिट, खडे नळीतून घरंगळत परत पिशवीत. पाच-सात मिनिटांचं काम, बऱ्याच जणांना एकदोन खेपांमध्ये फरक पडतो. फक्त यूट्यूब बघून मिस्टरांकडून करून घेऊ नका प्लीज, कोणती बाजू ते माहीत नसताना करण्यात अर्थ नाही, आणि मानेचा, मणक्याचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी सांगावं लागतं. हे परत होऊ शकतं हेही सांगून ठेवते, म्हणजे झालं तर घाबरणार नाही. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, ते फार कमी असेल तर पुन्हा पुन्हा व्हायची शक्यता वाढते.

हे झालं मार्चचं. आता ती होडी.

तुम्ही ऐरोलीला जाता म्हणजे ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर रोज असता. गाडीत बसलोय, शेजारी दुसरी गाडी उभी आहे, आणि ती हळूच सुटते. क्षणभर वाटतं आपलीच सुटली. पोटात बारीकसा गोळा येतो, मग प्लॅटफॉर्मचा खांब दिसतो आणि कळतं अरे आपण जागेवरच आहोत. इथे काय झालं, डोळे म्हणाले चाललो, कान आणि बूड म्हणाले कुठे चाललो, बसलोय की, आणि मेंदूनं क्षणभर डोळ्यांचं ऐकलं. एरवी मेंदू तिघांचं ऐकतो, कान, डोळे आणि पायाखालची जमीन. मार्चमध्ये तुमच्या कानानं पंधरा दिवस खोटं सांगितलं. मेंदूनं साहजिकच कानावरचा विश्वास काढला आणि डोळ्यांवर टाकला, आणि तुम्हालाही सांगितलं की बाई जपून, अंग आवळून, बेताबेतानं चाल. ते पंधरा दिवस हे बरोबरच होतं. पण कान सुधारला तरी मेंदूनं तो बंदोबस्त उठवलेलाच नाही. म्हणून मॉलमध्ये, जिथे चारी बाजूंनी लाइट आणि माणसं हलतायत, जिन्यावर, जिथे समोरून लोंढा येतोय, आणि मोबाइलवर, जिथे नुसतं चित्र सरकतंय, तिथे तुम्हाला ती शेजारची गाडी सतत सुटत असते.

याला मोठं नाव आहे, पर्सिस्टंट पोस्चरल परसेप्च्युअल डिझिनेस, आम्ही पीपीपीडी म्हणतो. तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, उभं राहिल्यावर, स्वतः हललं की आणि समोर गजबज असली की वाढणारं. त्याचे निकष २०१७ मध्ये छापून आले, म्हणजे त्याआधी शिकलेल्या कित्येक डॉक्टरांना कॉलेजात हे या नावानं शिकवलेलंच नाही, त्यामुळे कोणी मान हलवली नाही तर रागावू नका. तुम्हाला तेच आहे असं मी इथून ठामपणे सांगणार नाही, पण पत्र त्याच वळणाचं आहे. एमआरआय नॉर्मल येणारच यात, घड्याळ फुटलेलं नाही, मागे पडलंय, आणि मागे पडलेल्या घड्याळाचा फोटो काढून काय दिसणार! तेव्हा नॉर्मल म्हणजे नाटक असं घरात कोणी म्हणालं तर त्यांना हा पॅरा वाचायला द्या. मिस्टर टेन्शन म्हणतात त्यात अर्धा मुद्दा खरा आहे, चक्कर येईल या भीतीनं अंग आवळलं जातं आणि आवळलेल्या अंगानं जास्त डुलतं, पण सुरुवात टेन्शननं झालेली नाही, कानानं झाली, एवढं त्यांना सांगा.

आता गोळी. पहिले काही दिवस उलट्या थांबवायला प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन असल्या गोळ्या ठीक असतात, पण त्या तोलाच्या यंत्रणेलाच गुंगी आणतात, आणि ज्याला शिकायचंय त्याला झोपवून ठेवलं तर शिकणार कधी? महिनोनमहिने चालू ठेवायची ती गोष्ट नाही. तुमची नेमकी कोणती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, बीटाहिस्टीन असेल तर ते जरा वेगळं प्रकरण, मेनिएर नावाच्या कानाच्या आजाराला (त्याचं पुढे सांगते) ती बरेच महिने देतातही. त्यामुळे चिठ्ठी घेऊन जा आणि सरळ विचारा, डॉक्टर ही अजून कशासाठी चालू आहे? मनानं बंद करू नका. पट्टा मात्र विचारून आजच्या आज काढायच्या मागे लागा.

आणि पडून राहणं. पडलं की बरं वाटतं म्हणून तुम्ही पडता, म्हणून मेंदूला सराव मिळत नाही, म्हणून उठलं की परत होडी. हालचाल हेच यातलं औषध, पण मापात. एक व्यायाम सांगते, फिजिओला दाखवून मग वाढवा. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या, आजच्या तारखेचा आकडा, हातभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला. खुर्चीत बसून. नजर त्या आकड्यावर खिळवायची आणि डोकं नाही-नाही म्हणतो तसं डावी-उजवीकडे हलवायचं, थोडंसंच, आकडा धूसर होणार नाही इतक्याच वेगानं. तीस सेकंद. थांबायचं, परत. मग हो-हो म्हणतो तसं वर-खाली. दिवसातून तीनदा. थोडी चक्कर वाढेल, वाढायलाच हवी, पण वीस मिनिटांत निवली पाहिजे, दुपारभर रेंगाळली तर तुम्ही जास्त केलं. जमायला लागलं की उभं राहून, मग चालता चालता.

चालण्याचंही तसंच. आधी सोसायटीच्या आवारात, मग पहाटे उपवनला, तेव्हा मोकळं असतं, दोनेक आठवड्यांनी संध्याकाळी तलावपाळीला, दिवे, घोडागाडीसारख्या सजवलेल्या गाड्या, भेळवाले, पळणारी पोरं, म्हणजे तुमच्या मेंदूला नको तेच सगळं, आणि मॉल अगदी शेवटी. दर वेळी थोडं डुलेल एवढंच, पळून यावं लागेल इतकं नाही. फिजिओकडे विचारताना "व्हेस्टिब्युलर रिहॅब करता का", म्हणजे तोल सुधारण्याचे व्यायाम, असंच विचारा, नुसता मानेचा शेक देणाऱ्याकडे जाऊ नका (मला माहितीये आमच्यातलेच आहेत ते). सहा-आठ आठवडे धरून चाला, एकदम नाही होत, आज बरं उद्या परत असं करत करत कमी होतं. भीती फारच बसली असेल तर यावर समुपदेशन आणि डिप्रेशनला देतात त्यातल्या काही गोळ्याही डॉक्टर देतात, त्याचा अर्थ तुम्ही वेड्या असा नाही, त्या इथेही उपयोगी पडतात.

ईएनटीकडे जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी सांगा. एक, कानात दडा बसतो का, गुंई आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, आणि त्याबरोबर गरगरणं वीस मिनिटं ते काही तास टिकतं का, तसं असेल तर त्या मेनिएरचा विचार करतात, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करून बघतात, आणि मग पापड-लोणच्याचं मीठ कमी करायला सांगतात. (प्रॉस्पेर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये पहिल्यांदा सांगितलं की अशी चक्कर कानातून येते, तोवर सगळे मेंदूलाच दोष द्यायचे, आपण मानेला देतो एवढाच फरक.) दोन, अर्धशिशी. लहानपणी, कॉलेजात कधी होती का, आईला होती का? अर्धशिशीची चक्कर डोकं न दुखताही येऊ शकते, जागरण आणि कडक उपास यानं उसळते, आणि तिचे उपचार पार वेगळे. खिशाचा प्रश्न असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची ईएनटी ओपीडी आहे, सकाळी लवकर जा, रांग असते.

आणि हे नीट वाचा, घरातल्यांनाही दाखवा. चक्करेबरोबर बोबडं वळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसायला लागले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, किंवा धरल्याशिवाय उभंच राहता येईना, तर ते कान नाही, पक्षाघात असू शकतो, लिंबूपाणी देत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि हॉस्पिटल. आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, एकदोन दिवसांत ईएनटी गाठायचाच, त्याची औषधं लवकर सुरू झाली तर उपयोग होतो.

तोवर घरात सांभाळून. केस धुताना डोळे मिटून उभं राहायचं नाही, स्टूल घ्या बसायला, रात्री पॅसेजमध्ये झिरोचा दिवा, आणि माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही म्हणजे नाही. बरं होईपर्यंत स्कूटी मिस्टरांची. ट्रेनमध्ये गाडीच्या दिशेला तोंड करून बसा, मोबाइल पर्समध्ये, आणि नजर लांब ठेवा, ऐरोलीकडे जाताना डोंगर दिसतात त्यांच्यावर ठेवा, रुळाच्या कडेचे खांब मोजू नका. जिन्यावर कडेनं, कठडा धरून, मागच्यानं हुं केलं तर करू दे.

राहता राहिली रत्नागिरी. जा की! न जाऊन काय, घरी पडूनच राहणार ना, ते तर आपल्याला नकोच आहे. फक्त त्याआधी ती डिक्स-हॉलपाइक करून घ्या. जाताना ट्रेननं जा, रस्त्यानं घाट, खड्डे आणि दहा तासांचं ट्रॅफिक नको, ठाण्याला थांबणारी दिवसाची गाडी बघा, तिकीट मिळालेलं असेल तर, नसेल तर त्यावर माझ्याकडे काही सल्ला नाही. पोटात काहीतरी असू दे, रिकाम्या पोटी प्रवास नको. मखर बांधायला वर मान करून तुम्ही उभ्या राहायचं नाही, ते दिरांना सांगा, तुम्ही खाली बसून मोदकांच्या पाऱ्या करा. बाप्पाच्या मागे ते गरगर फिरणारं लाइटचं चक्र लावतात ना, ते यंदा बंद ठेवायला सांगा. आणि आरतीच्या शेवटी सगळे हात जोडून स्वतःभोवती गिरकी घेतात, तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून नुसते हात जोडा, पुढच्या वर्षी घ्या गिरकी.